ठाणे: मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन, इन्फेक्शनची धास्ती वाटतेय, सल्ला हवा

मानपाडा_आई: लेक चार वर्षांचा. रडला-खोकला की डाव्या जांघेत फुगवटा येतो. हर्निया आहे, ऑपरेशन सांगितलंय. नात्यातल्या एका मुलाचे टाके पिकले होते, तेव्हापासून झोप नाही. घोडबंदर रोडला मोठ्या हॉस्पिटलात करू की नौपाड्यात छोट्या ठिकाणी?

ओटी_सिस्टर: इमारत बघून ठरवू नका हो. सर्जन लहान मुलांचेच आहेत ना (एम.सीएच. पीडियाट्रिक सर्जरी), भूलतज्ज्ञ मुलांना नेहमी भूल देतात ना, ते आधी विचारा. मग अँटिबायोटिकचं. मुलांच्या साध्या हर्नियाला आतून आधाराची कृत्रिम जाळी बसवत नाहीत, त्यामुळे बऱ्याचदा ते लागतच नाही. द्यायचंच तर काप घेण्याआधीच्या दोन तासांत. नंतर 'खबरदारी म्हणून' पाच दिवस सिरप लिहून दिलं तर कशासाठी ते विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सूचनांतही ऑपरेशननंतर असं लांबवू नका म्हटलंय. आंघोळ घालून न्या, साधा साबण चालतो.

कोपरखैरणेकर: आमचा अनुभव. मुलीला सर्दी-खोकला होता, तारीख जाईल म्हणून आम्ही बोललोच नाही. भूलतज्ज्ञांनी छाती तपासली आणि घरी पाठवलं! तेव्हा चिडलो होतो. भुलेत श्वासनलिका आवळू शकते हे नंतर कळलं. पावसाळ्यात कुठलं पोर शिंकत नाही म्हणा, पण लपवू नका.

मानपाडा_आई: आणि उपाशी किती वेळ? सासूबाई म्हणतात रात्रीपासून पाणीही नको.

ओटी_सिस्टर: नाही! जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं. नक्की वेळ तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील, तीच पाळा. घरी आल्यावर जखमेला हळद, तूप काही लावायचं नाही. बघायला येणाऱ्यांना आधी हात धुवायला लावा, वाईट वाटलं तर वाटू दे. लाली पसरली, पू आला, ताप आला तर लगेच दाखवा. महिनाभर लक्ष ठेवा, टाके कधीकधी उशिरा पिकतात.
आणि हे महत्त्वाचं: तारखेआधीच फुगवटा कडक झाला, आत जाईना, पोर उलट्या करायला लागलं, तर मध्यरात्र असली तरी थेट इमर्जन्सी गाठा.

मानपाडा_आई: हे शेवटचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला आत्ताच वाचायला दिलं. सोमवारी नौपाड्यातल्या सर्जनना भेटतोय, प्रश्न वहीत लिहून घेतलेत. हळदीचं सासूबाईंना कसं सांगायचं तेवढं सुचवा.