गोल्फची गाडी आणि कार्बनचा पाय

अपंग खेळाडूला नियमात सवलत द्यावी का, या वादात एक आक्षेप येतोच: "एकासाठी नियम वाकवला की उद्या सगळेच रांग लावतील". गोल्फपटू केसी मार्टिनने मैदानात गाडी वापरू द्या म्हणून खटला भरला, तेव्हा अमेरिकेत व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरलाही हीच धास्ती होती. रांग वगैरे काही लागली नाही. 2019 मध्ये गोल्फपटू जॉन डेलीला पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत गाडी मिळाली, तर त्याचीच केवढी बातमी झाली!

मार्टिनच्या उजव्या पायात जन्मतःच रक्ताभिसरणाचा दोष. फार चाललं तर हाड मोडायची, प्रसंगी पाय कापावा लागायची भीती. मागणी एवढीच, की दोन फटक्यांमधलं अंतर गाडीतून जाऊ द्या. टूर म्हणाली, चालून येणारा थकवा हा खेळाचाच भाग. मग कोर्टात तज्ज्ञाने हिशेब मांडला: पाच मैल, पाच तास, खर्च साधारण 500 कॅलरी. एका बर्गरहून कमी! शिवाय गाडी घेऊनही मार्टिनला फेरीत मैलभर लंगडावं लागायचंच. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने 7 विरुद्ध 2 असा त्याच्या बाजूने कौल दिला.

विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी न्या. स्केलियांचा आक्षेप होता, की खेळाचे नियम मुळातच मनमानी. त्यातला महत्त्वाचा कुठला हे कोर्टाने ठरवू नये. अगदीच टाकाऊ नाही हा मुद्दा. पण टूर स्वतःच ज्येष्ठांच्या स्पर्धांत गाडी देत होती, तिथे थकवा कुठे जायचा?

कृत्रिम पाय लावून लांब उडी मारणारा जर्मन खेळाडू मार्कुस रेम याचं प्रकरण मात्र वेगळं. त्याला धडधाकट खेळाडूंच्या बरोबरीने उतरायचं होतं, आयोजकांचा त्याला विरोध होता. उडी मारताना तो त्या पायाच्या कार्बनच्या पात्यावरूनच (ब्लेड) उसळी घेतो, आणि उसळी हाच तर तो खेळ. तिथे मी आयोजकांच्या बाजूने.