गावाला कॉलेज हवं, पण कुणाचं?

कृष्णाकाठचा: कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली आलं. कृष्णेच्या पुलापलीकडे सैदापूरला आज अख्खं विद्यानगर आहे. कॉलेजं, क्लास, मेस, झेरॉक्स, कॉट बेसिसवर खोल्या. वडिलांनी माडीवर चार खोल्या काढल्या, त्यांच्या भाड्यावर आम्ही दोघं भावंडं शिकलो. नव्या खाजगी कॉलेजांना परवानग्या वाटण्यापेक्षा अशा जुन्या सरकारी कॉलेजांत जागा वाढवा, वसतिगृहं बांधा.

माजी विनाअनुदानित: बोलायला सोपं आहे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित, म्हणजे सरकारी अनुदान न घेणाऱ्या खाजगी कॉलेजांना दार उघडलं, त्याआधी आपली पोरं देणगी मोजून कर्नाटकात जात होती. सरकारला जागा वाढवायच्याच होत्या तर तेव्हा कुणी हात धरला होता? वारणानगर, लोणी, साखराळे इथं साखर कारखान्याच्या धुराड्याशेजारी कॉलेजं उभी राहिली. मी त्यातल्याच एकाचा.

कृष्णाकाठचा: उभी राहिली, मान्य. आता चालतात कुणाच्या जिवावर? शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे सवलतीतल्या पोरांची फी, सरकारच भरतं. २०२४ पासून वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच, पण पैसा जातो संस्थाचालकाकडे.

माजी विनाअनुदानित: मग मुलींनी कराडच्या जागा वाढेपर्यंत घरी बसायचं का?

चौथी कॉट: तुम्ही दोघं फीवरच अडलात. मी अशाच एका गावात चार वर्षं काढली. दहा बाय बाराच्या खोलीत चौघी, पाणी सकाळी तासभर, आणि सोडताना डिपॉझिट 'रंगाला' कापलं. आमच्यापेक्षा वाईट हाल तिथल्या नोकरदार कुटुंबांचे. एका कुटुंबापेक्षा चार पोरी मालकाला जास्त भाडं देतात, मग कुटुंबाला खोली देतो कोण? गाव वाढलं म्हणजे घरमालक वाढले, एवढंच.

कृष्णाकाठचा: लागलं हो. रंगाचे पैसे आम्हीही कापतो. वसतिगृहं झाली तर आमच्याच खोल्या रिकाम्या पडतील, तरी मागतोय.

माणगावकर: आमच्याकडं रायगडात लोणेरेला तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे, तेही मुंबई-गोवा हायवेवर. तरी लोणेऱ्याचं कराड झालं नाही. कराडला बाजारपेठ आधीपासून होती, कॉलेज तिच्यात मिसळलं. इथं दिवाळीची सुट्टी लागली की डबेवाल्या मावशींची कमाई बंद. त्यांचं काय करायचं ते आधी सांगा, मग सरकारी-खाजगी भांडू.