विमान झपकन खाली आणलं, आईचा कान बंद. रविवारी परतीचं विमान, काय करू?

कुडाळची_लेक:
मुंबई–मोपा (गोवा) विमानात मध्येच मास्क खाली पडले आणि विमान भराभर खाली आलं. उतरलो सुखरूप, पण आईचा कान बंदच आहे. रविवारी मोपाहून परत जायचंय, तिकीट नॉन-रिफंडेबल. कानात कोमट तेल घालू का? शिवाय तिच्या मास्कची पिशवी फुगलीच नाही, म्हणजे मास्क बिघडलेला ना? तक्रार कुठे करायची?

बंदरावरचो:
तेल घालू नको हां! पडदो फाटलो असलो तर तेल आत जाता आणि पू धरता. पयलो डॉक्टराक दाखव.

घाटवाट:
प्रवास कधी झाला? एकच कान की दोन्ही? रक्त, पाणी, चक्कर? सर्दी होती का?

तांत्रिक_तात्या:
ताई, पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, सुरक्षेच्या सूचनेतही तसं सांगतात. केबिनमधला हवेचा दाब साधारण 14,000 फूट उंचीवर असतो तितका कमी झाला की मास्क आपोआप पडतात. मास्क ओढला की वरचा ऑक्सिजन बनवणारा रासायनिक जनरेटर सुरू होतो. तो तापतो, म्हणून जळका वास येतो. साधारण 12 ते 15 मिनिटं पुरतो, तेवढ्यात वैमानिक 10,000 फुटांवर आणतो. ओढलाच नाही तर मात्र प्रवाह सुरूच होत नाही. तिने ओढला होता का?

मोकळा_श्वास:
नाक दाबून, तोंड मिटून हळूच फुंकायला सांगा. झायलोमेटॅझोलिनचा (चोंदलेलं नाक मोकळं करणारा) स्प्रे नाकात मारा. कान सुटेल.

घाटवाट:
चक्कर येत असेल तर फुंकायचं अजिबात नाही! आतल्या कानाला इजा असेल तर जोराने वाढते. आणि स्प्रे तीन ते पाच दिवसांच्या वर नको, रक्तदाब असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

मोकळा_श्वास:
पडदा फाटला असेल तर उलट उडता येतं, दाब दोन्हीकडे सारखा होतो.

घाटवाट:
तत्त्वतः बरोबर, पण फाटलाय की आत पाणी साठलंय हे बाहेरून कोण सांगणार? कानापासून घशाकडे जाणारी नळी बंद असताना विमानाने उतरणं सगळ्यात वाईट. चढताना कानातली हवा सहज बाहेर पडते, उतरताना नळी उघडत नाही, पडदा आत ओढला जातो.

कुडाळची_लेक:
परवा झालं. डावा कान. आज सकाळपासून गरगरतंय, कानात शिटीसारखा आवाज आहे. मास्क मी ओढून दिला होता. सर्दी होती, ते सांगायचं राहिलं.

घाटवाट:
मग थांबू नका, आजच ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर) गाठा. पडदा बघून ट्यूनिंग फोर्कने तपासतील, ऑडिओग्राम (ऐकण्याची चाचणी) मागून घ्या. आतल्या कानाचं ऐकणं गेलं असेल तर स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच द्यावं लागतं. तोवर कानात पाणीही जाऊ देऊ नका, आंघोळीला बाहेरून व्हॅसलीन लावलेला कापूस.

बंदरावरचो:
मुंबईक जावक तुतारी एक्स्प्रेस आसा, कुडाळाक थांबता. रातभर निजान जा.

तांत्रिक_तात्या:
गाडीच बरी. कोकण रेल्वे किनाऱ्याजवळून जाते, उंचीचा फरक थोडाच. आंबोलीमार्गे कोल्हापूर नको, घाट चढावा लागतो. विमान रद्द केलंत तर नॉन-रिफंडेबल तिकिटावरही विमानतळाचे कर परत मिळतात, मागायला लागतात. तक्रार सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, बोर्डिंग पास आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. मास्कबद्दल मात्र लिहू नका, कानाबद्दल लिहा.

कुडाळची_लेक:
चारची वेळ मिळाली. तेल घातलं नाही.