मदत हवी आहे: निगेटिव्ह पेशींची दोन शिखरं दिसतायत

पेशीवेडी: फ्लो सायटोमेट्रीचा (लेझरने एकेका पेशीवरच्या रंगाची चमक मोजतात ती) डेटा आहे, आर या संगणकभाषेत फ्लोकोअर पॅकेज वापरतेय. आर्कसाइनएच (लॉगसारखं, पण ऋण आकड्यांनाही चालणारं रूपांतर) लावलं की सीडी४ या पेशीवरच्या प्रथिनाच्या हिस्टोग्राममध्ये निगेटिव्ह, म्हणजे ते नसलेल्या, पेशींच्या जागी दोन उंचवटे येतात, मधे बरोबर शून्यावर दरी. त्याच फाइली फ्लोजो या तयार सॉफ्टवेअरमध्ये एकच शिखर दाखवतात. उद्या सरांना आकृत्या दाखवायच्यात. कोड चारदा तपासला. काय चुकतंय?

नदीकाठ: यंत्र कोणतं? कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्यात मिसळलेली चमक वजा करणं) केलंय का? कोफॅक्टर, म्हणजे आर्कसाइनएचआधी आकड्यांना ज्याने भागता तो, किती? काहीच सांगितलं नाहीत.

रक्तपेशी: मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवरही सीडी४ असतं, पण कमी. दुसरं शिखर त्यांचंच असणार.

नदीकाठ: मग ते फ्लोजोतही दिसलं असतं. आणि दरी नेमकी शून्यावरच कशी पडेल?

जुनाजाणता: सरळ लॉग लावा. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं, काही अडलं नाही.

सह्याद्री: कृपा करून लॉग नको. कॉम्पेन्सेशननंतर कितीतरी निगेटिव्ह पेशी शून्याखाली जातात. ऋण संख्येचा लॉग निघत नाही, त्या सगळ्या अक्षाला चिकटतात. म्हणूनच पार्क्स, रोडरर आणि मूर यांनी २००६ मध्ये लॉजिकल (Logicle) हे शून्याजवळ रेषीय आणि पुढे लॉगसारखं स्केल मांडलं. तेच वापरा.

पेशीवेडी: कॉम्पेन्सेशन केलंय हो, ते तर सगळेच करतात. यंत्र साधं लेझरचं, स्केल २,६२,१४४ पर्यंत. कोफॅक्टर ५, मास सायटोमेट्रीच्या (तिथे रंगांऐवजी धातूंच्या खुणा मोजतात) पेपरमधून घेतला.

नदीकाठ: इथेच मेख आहे! मास सायटोमेट्रीत पार्श्वभूमी जवळजवळ नसते, तिथे ५ चालतो. फ्लुरोसन्समध्ये, म्हणजे तुमच्यासारख्या रंगांच्या चमकेत, निगेटिव्ह पेशी शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरतात. कोफॅक्टर त्या पसाऱ्याच्या प्रमाण विचलनाहून लहान ठेवलात, तर शून्याजवळचा भाग ताणला जातो, पेशी विरळ होतात आणि दरी पडते. ती दरी पेशींची नाही, सूत्राची आहे. १५०पासून सुरुवात करा, प्रत्येक चॅनेल (एकेका रंगाचं मोजमाप) वेगळा बघा.

सह्याद्री: लॉजिकलमध्ये शून्याजवळच्या रेषीय भागाची रुंदी डेटावरूनच ठरवता येते, हाताने चाचपडायला नको.

नदीकाठ: दहा नमुन्यांना दहा रुंद्या निघाल्या तर तुलना कशी करणार? एकच ठरवा आणि सगळीकडे तीच लावा.

रक्तपेशी: एमएफआय (पेशींच्या चमकेचा मध्यक) मात्र मूळ आकड्यांवरच काढा हं.

पेशीवेडी: ते आत्ता नकोय. पण जमलं! सीडी४ एपीसी या रंगावर आहे, विचलन ११० आलं, १५०ला दरी गेली. सीडी८ हे दुसरं प्रथिन पीई या रंगावर, त्याचं ३४०. तिथे १५०ला खाच राहिली, ४००ला गेली. खूप आभार. फक्त एफएससी-एसएससीचा (पेशीचा आकार आणि आतला कणदारपणा सांगणाऱ्या विखुरलेल्या प्रकाशाचा) ठिपक्यांचा आलेख अजून एका कोपऱ्यात गोळा झालाय.

नदीकाठ: त्यांनाही आर्कसाइनएच लावलंय का? ते रेषीयच ठेवायचे.

पेशीवेडी: हो, सगळ्याच कॉलमना लावलं होतं. काढते.