बाबांच्या चहासाठी स्टीव्हिया: भुकटी घ्यावी की रोप लावावं?

कोरा_चहा:
बाबांना टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. साखर बंद केली आहे, तक्रारही करत नाहीत, पण चहा पुढ्यात आला की चेहरा उतरतो. म्हणून स्टीव्हियाची पुडी आणली. पहिल्या घोटाला म्हणाले, "गोड आहे, पण मागे औषधासारखं काहीतरी राहतं." मग पुडी उलटून वाचली. पुढे हिरवं पान आणि ठळक अक्षरांत 'नैसर्गिक', मागे बारीक अक्षरांत आधी एरिथ्रिटॉल आणि सगळ्यात शेवटी स्टीव्हिया! मग मी नक्की काय आणलंय? हे रोज दिलं तर चालेल का? त्यापेक्षा कुंडीत रोप लावून पानंच चहात टाकली तर जास्त चांगलं नाही का? केकमध्येही वापरून बघायचं मनात आहे. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

जिभेवर:
ताई, खाद्यपदार्थांच्या चवचाचणीचं काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जेवणाइतका ओळखीचा आहे. जरा सविस्तर लिहिते.

पुडीमागचा मजकूर वाचलात हे फार चांगलं केलंत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. स्टीव्हियाच्या पानातली गोडी स्टीव्हिऑल ग्लायकोसाइड नावाच्या संयुगांची. ती साखरेच्या साधारण २०० ते ३०० पट गोड. म्हणजे चमचाभर साखरेचं काम १५-२० मिलिग्रॅममध्ये होतं. एवढंसं कोण आणि कशाने मोजणार? म्हणून चमच्याने घेता यावं यासाठी त्यात भर घालतात. तुमच्या पुडीत ती एरिथ्रिटॉल या साखरेसारख्या गोड भुकटीची आहे. काही पुड्यांत डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असतं. हे दोन शब्द दिसले तर मधुमेही माणसासाठी ती पुडी घेऊ नका, कारण डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच, आणि माल्टोडेक्स्ट्रिनचं पोटात गेल्यावर झपाट्याने ग्लुकोज होतं. एका पुडीत प्रमाण थोडं असतं हे खरं, पण दिवसभराच्या चहांची बेरीज होते.

एरिथ्रिटॉलने रक्तातली साखर जवळजवळ वाढत नाही. जास्त झालं तर पोट बिघडतं. २०२३ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. त्यात रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचं प्रमाण जास्त दिसलं. त्यावरून कारण सिद्ध होत नाही, कारण हे संयुग आपलं शरीरही थोडं तयार करतं. पण वडिलांना हृदयाचा त्रास असेल तर मी भर नसलेले थेंब घेईन. स्टीव्हियाचे द्रवरूप थेंब मिळतात. त्यांच्याही घटकांत पाणी, अर्क आणि टिकवण्यासाठीचं एखादं द्रव्य याखेरीज काही नाही ना, ते बघा.

आता कडवटपणा. बाबांची जीभ बरोबर सांगते आहे. हीच संयुगं जिभेवरच्या कडू चव टिपणाऱ्या पेशींनाही चेतवतात. गोडी उशिरा येते, रेंगाळते आणि शेवटी ज्येष्ठमधासारखी चव सोडते. काही जणांना ती कळतही नाही, काहींना नकोशी होते. मात्रा वाढवली की गोडी एका टप्प्यावर थांबते आणि कडवटपणा वाढतच जातो. म्हणून "गोड लागत नाही" म्हणून आणखी टाकणं हा उलटा उपाय. निम्मं करून बघा. दुसरं म्हणजे लेबलवर 'रेबॉडिओसाइड एम' किंवा 'डी' शोधा, हे याच गोड संयुगांचे प्रकार. जुन्या पद्धतीच्या अर्कात मुख्यतः स्टीव्हिओसाइड किंवा रेबॉडिओसाइड ए (रेब-ए) असतं, ते जास्त कडवट. एम आणि डी पानात नावापुरतेच असल्यामुळे बरेचदा विकरं (एन्झाइम) किंवा यीस्टच्या मदतीने बनवतात. 'मग हे नैसर्गिक कसं' असं वाटेल, पण चवीत ते साखरेच्या सर्वांत जवळ आहेत, हे मी रोज चाखून सांगते.

रोज चालेल का? २००८ मध्ये अन्नातील मिश्रकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४ मिलिग्रॅम, स्टीव्हिऑलच्या म्हणजे या संयुगांच्या गाभ्याच्या हिशेबात. ६० किलोच्या माणसाला हे साधारण ७२० मिलिग्रॅम रेब-ए होतं. म्हणजे साखरेच्या चाळीसेक चमच्यांइतकी गोडी. चहापुरतं वापरणारा माणूस तिथवर पोचत नाही. पोटात गेल्यावर ही संयुगं मोठ्या आतड्यातले जिवाणू मोडतात, उरलेलं स्टीव्हिऑल यकृतातून जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं. ग्लुकोज होऊन रक्तात उतरत नाही.

कुंडीवाला:
रोपाबद्दल मी सांगतो. स्टीव्हिया सूर्यफुलाच्या कुळातली, मूळची पॅराग्वेची. तिथले ग्वारानी लोक पिढ्यानपिढ्या ही पानं पेयांत टाकत आले. बियांपासून उगवण फार कमी, त्यामुळे फांदीच लावा. पाणी साचलं की मुळं कुजतात. कळ्या येण्याआधी पानं खुडा, फुलावर आलं की गोडी घटते. पानं वाळवून ठेवता येतात. हिरव्या पानाचा वास मात्र चहात उतरतो, तो सगळ्यांना आवडतोच असं नाही.

जिभेवर:
कुंडीवाला दादा, रोपाची माहिती अगदी नेमकी. फक्त एक जोड देते. वर दिलेली मर्यादा किमान ९५ टक्के शुद्ध अर्कासाठी आहे. पानं गरम पाण्यात भिजवून, रेझिनमधून गाळून, अल्कोहोलने स्फटिक करून तो मिळवतात. कच्च्या पानाचा तितका अभ्यास झालेला नाही, म्हणून अमेरिकेत शुद्ध अर्काला मुभा आहे पण पानं किंवा कच्चा अर्क गोडीसाठी विकायला नाही. हौसेने एखादं पान चहात टाकायला माझी हरकत नाही. पण रोज, गोळ्या घेणाऱ्या माणसाला, मोजमाप नसलेली पानं मी देणार नाही. 'पान आहे म्हणून सुरक्षित' हा समज मला खरंच अस्वस्थ करतो.

केकचं थोडक्यात: उष्णतेने स्टीव्हिया बिघडत नाही, पण साखर केकमध्ये फक्त गोडी देत नाही. ती ओलावा धरते, लोण्यासोबत फेटताना हवा अडकवते, रंग आणते. सगळी साखर काढलीत तर केक बसका, कोरडा आणि पांढुरका होईल. काही भागच बदला. आणि हे विसरू नका की साखर काढली तरी मैदा उरतोच, बाबांची साखर त्यानेही वाढेल. जॅममध्ये तर साखर पाणी बांधून बुरशी रोखते, तिथे स्टीव्हियावर विसंबू नका.

वाचक_रोजचा:
मला मधुमेह नाही. वजन उतरवायला साखरेऐवजी हे घ्यावं का?

जिभेवर:
वजनासाठी नको. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी अशी गोडी देणारी द्रव्यं वापरू नयेत, आणि त्यात स्टीव्हियाही आहे. आधीच मधुमेह असलेल्यांना मात्र ती शिफारस लागू केलेली नाही. तुम्ही चहातली साखरच हळूहळू कमी करत जा. जीभ कमी गोडीला सरावते, हे मी कामावर नेहमी बघते.

कोरा_चहा:
किती मनापासून लिहिलंत, खूप आभार! थेंबच आणते आणि निम्म्याने सुरुवात करते. मग घरातली साखर पूर्णच काढून टाकू का? समोर दिसायला नको म्हणून.

जिभेवर:
नाही ताई, हे कृपा करून करू नका. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी, ग्लिमेपिराइडसारख्या, आणि इन्सुलिननेही रक्तातली साखर अचानक उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं आणि मापन ७० च्या खाली आलं, तर लगेच १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बेशुद्ध असतील तर तोंडात काही न घालता लगेच रुग्णवाहिका बोलवायची. स्टीव्हियाचा चहा त्या वेळी काडीचाही उपयोगी पडत नाही. बाबांच्या गोळ्या कोणत्या प्रकारच्या आहेत ते डॉक्टरांना विचारून घ्या, आणि साखरेचा एक छोटा डबा घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा.