अनुभव धागा: डब्यातून निघालेला बिंदू, नाशिकच्या आसपास

अक्षांश-रेखांश चिठ्ठ्या टाकून काढायचे आणि घरच्यांना घेऊन त्या जागी जाऊन उभं राहायचं, एवढाच हा खेळ. तिथे देऊळ असेल, उकिरडा असेल किंवा कुणाच्या वांग्यांचा वाफा. ज्यांनी हे करून पाहिलंय त्यांनी लिहा. "मुलं फार खूश झाली" एवढ्यावर थांबू नका. बिंदू कसा काढता, कुठे अडतं, का अडतं, हे आकड्यांसकट हवं.

इंदिरानगरहून

ॲपची गरज नाही. स्टीलचा डबा, ० ते ९ लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या आणि एक नाणं पुरतं. आधी अक्षांश. छापा आला तर २०.०, काटा आला तर १९.९. त्यापुढे तीन चिठ्ठ्या काढून तीन अंक जोडायचे. मग रेखांश: छापा ७३.८, काटा ७३.७, पुन्हा तीन चिठ्ठ्या. उदाहरणार्थ २०.०४०७, ७३.७६१९. यातून साधारण २२ किलोमीटर उत्तर-दक्षिण आणि २१ किलोमीटर पूर्व-पश्चिम अशी चौकट मिळते, आणि शहर तिच्या जवळपास मधोमध बसतं.

काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायची. हे हमखास विसरलं जातं. तसं झालं की एक अंक दोनदा येऊच शकत नाही, म्हणजे २०.०३३३ सारख्या जागा खेळातून कायमच्या बाद.

चार दशांश पुरेत. चौथा अंक एकाने बदलला की उत्तर-दक्षिण ११ मीटर, पूर्व-पश्चिम साडेदहा मीटर सरकतो. पाचवा अंक मीटरभराचा, आणि मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोन पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतोच. मग तो अंक कुणासाठी काढायचा?

सिडकोतून

वरच्याला पुरवणी. सगळ्यात जास्त गोंधळ दशांश आणि अंश-मिनिटं यांचा. २०.०४०७ हे कुणी २० अंश ०४ मिनिटं ०७ सेकंद असं वाचलं, तर बिंदू थेट तीन किलोमीटर उत्तरेला जातो. घरातल्या सगळ्या फोनवर दशांशच ठेवा. दुसरी चूक म्हणजे रेखांश आधी टाइप करणं. मग नकाशा नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रात पिन टोचतो. ही चूक निदान लगेच कळते. पहिली कळत नाही, चुकीच्या मळ्यात उभं राहिल्यावरही नाही.

गंगापूर रोडवरून

आदल्या रात्री उपग्रह-चित्र उघडून दहा मिनिटं बघा. देवळाली कॅम्पचा लष्करी भाग, तोफखान्याची फायरिंग रेंज, नाशिकरोडचे नोटा-मुद्रांकांचे छापखाने, कारागृह, गांधीनगरची धावपट्टी यांपैकी कशाच्या आत किंवा भिंतीला लागून बिंदू पडला तर चिठ्ठी पुन्हा काढायची. "लांबून फोटो काढू" हेही नको.

मग नदी. मार्ग दाखवणारं ॲप बिंदूला सरळ रेषेत सगळ्यात जवळ असलेल्या रस्त्यावर नेऊन सोडतं. तो रस्ता गोदावरी, दारणा किंवा वालदेवीच्या पलीकडच्या काठावर असू शकतो. बिंदू ऐंशी मीटरवर, मध्ये पाणी, आणि पूल गाठायला उलटं सात-आठ किलोमीटर. म्हणून पिन टाकल्यावर आधी विचारायचं, बिंदू कुठल्या काठाला? त्याच काठावरचा एखादा ओळखीचा फाटा किंवा गाव गाठायचं आणि तिथून पुढे पिन धरायची. पावसाळ्यात धरणातून विसर्ग चालू असेल तर फरशी पूल धरून आखणी करूच नये. फरशीवरून घोटाभर पाणी वाहत असेल तरी माघारी फिरा.

आडगाव शिवारातून

शहरातली मंडळी शेतात कशी शिरतात ते या बाजूने दिसतं, म्हणून जरा सविस्तर.

हातात फोन धरून, खाली बघत, बांधाबांधाने चालणारा माणूस शेतकऱ्याला मोजणीवाला वाटतो. समृद्धी झाला, बाकीच्या रस्त्यांची मोजणी चालू असते, त्यामुळे हा संशय कोरडा नाही. फोन खिशात घाला, वस्तीवर जा, पोरांना पुढे करा आणि सांगा: "दादा, पोरांचा नकाशाचा खेळ आहे. तुमच्या वावरात एक जागा निघालीय, पाच मिनिटं उभे राहून जातो." सातबारा, गट नंबर हे शब्द तोंडातून काढू नका. बहुतेक जण स्वतःच वाट दाखवायला येतात. नाही म्हणाले तर विषय संपला.

द्राक्षबागेचं वेगळं. एप्रिलच्या खरड छाटणीपासून आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फवारण्या चालू असतात. पानांवर निळसर-पांढरे डाग किंवा हवेत औषधाचा वास असेल तर लहान मुलांना ओळीत नेऊ नये. घड पिकलेले असताना हात लावायचा नाही, मणी तोडून तोंडात टाकायचा तर नाहीच. मांडवाच्या तारा आणि बांबूचे ताण मोठ्यांच्या कपाळाच्या उंचीवर असतात, मुलं खालून निघून जातात. बांधाच्या कडेला बारीक तार आणि पिवळ्या पट्ट्या दिसल्या तर ते झटका मशीन, म्हणजे विजेचा झटका देणारं कुंपण, समजा. ओलांडायचं नाही, वळसा घालायचा.

शेततळं सगळ्यात धोक्याचं. वरून निळं, शांत, छान दिसतं. आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की शेवाळाने इतका निसरडा होतो की पोहता येणारा माणूसही उतारावरून वर चढू शकत नाही. कुंपण नसेल तर काठापासून दहा पावलं लांब. बिंदू पाण्यात असेल तर काठावरूनही जवळ जायचं नाही, "पाण्यात पडला" असं लिहून मोकळं व्हायचं. जुन्या विहिरींना कठडा असतोच असं नाही, आणि श्रावण-भाद्रपदात गवतात काठ दिसत नाही. मोठ्या माणसाने काठीने ठोकत पुढे चालावं, मुलं मागे एका ओळीत.

उसाच्या कडेने पहाटे आणि दिवस मावळताना फिरू नये. निफाड, सिन्नर, दिंडोरी या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो. सकाळी आठ ते अकरा ही वेळ चांगली.

म्हसरूळहून

शेवटचे पन्नास मीटर हाच खरा खेळ, आणि तिथेच नकाशाचा निळा बाण दगा देतो. उभं असताना बाण कुठेही फिरतो, कारण तो फोनमधल्या चुंबकीय होकायंत्रावर चालतो. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट स्वतःच थोडा चुंबकीय असल्याने डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकावर तर सुई सरळ खोटं बोलते. उपाय असा: बाण विसरा, आकडे वाचा. उत्तरेकडे चाललं की अक्षांश वाढतो, पूर्वेकडे चाललं की रेखांश. आधी अक्षांशाचे चारही अंक जुळवा, मग काटकोनात वळून रेखांश. दहा-पंधरा पावलं सलग चालल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो मागून येतो.

जुळल्यावर फोन सपाट दगडावर आभाळाकडे तोंड करून दोन-तीन मिनिटं ठेवा. अंक डोलतात, ज्यावर जास्त वेळ टिकतात तो धरा. पांडवलेण्यांसारख्या उभ्या कड्याला चिकटून बिंदू असेल तर चूक वीस-तीस मीटरवर जाते. अर्धं आभाळ झाकलेलं असतं, आणि उरलेल्यातले काही संकेत कड्यावर आपटून येतात. दाट आमराईतही थोडं तसंच.

सातपूरहून

एमआयडीसीत पडलेल्या बिंदूंसाठी नियम आधीच ठरवा. आमच्याकडे १०० मीटरच्या आत सार्वजनिक रस्त्यावर पोहोचलं की "गाठला". गेटवर वॉचमनशी हुज्जत घालून काही मिळत नाही.

नाशिकरोडहून

यातल्या जुन्या प्रकाराबद्दल. २००८ मध्ये एका वेबकॉमिकमधून जिओहॅशिंग आलं. त्या दिवसाची तारीख आणि डाऊ जोन्स या न्यूयॉर्कच्या शेअर निर्देशांकाचा उघडतानाचा आकडा एमडी-५ मधून (मजकुराचा ठरावीक लांबीचा आकडा बनवणारं संगणकी सूत्र) काढायचा, आणि त्यातून अंशाच्या पुढचे दशांश मिळतात. आपण अमेरिकेच्या बरेच पूर्वेला, आपला दिवस आधी सुरू होतो, म्हणून आदल्या दिवसाचा आकडा चालतो. म्हणजे न्यूयॉर्कचा बाजार शुक्रवारी उघडला, आपल्याकडे संध्याकाळी सात, हिवाळ्यात आठ, की शनिवार, रविवार आणि सोमवार तिन्ही दिवसांचे बिंदू हातात.

पण नाशिकची जागा यात अवघड आहे. विसावं अक्षवृत्त शहराच्या मधून जातं: रामकुंड किंचित उत्तरेला, नाशिकरोड स्टेशन दक्षिणेला. जिओहॅशिंगमध्ये एक-एक अंशाच्या चौकटी असतात आणि प्रत्येकीत एक बिंदू. त्यामुळे आपण दोन चौकटींच्या शिवेवर, आणि दोन्हींतले बिंदू एकमेकांपासून बरोबर एक अंश, म्हणजे ११० किलोमीटर लांब. अक्षांशाचे दशांश .१ च्या खाली किंवा .९ च्या वर आणि रेखांशाचे .७ ते .९ मध्ये असले तरच बिंदू इंदिरानगरवाल्यांच्या चौकटीत येतो. पाचात एक गुणिले पाचात एक, म्हणजे वर्षाला पंधराएक दिवस. एरवी सुरगाण्याच्या जंगलात नाहीतर ठाणे जिल्ह्यात. दर रविवारसाठी डबाच बरा.

एक बिंदू मात्र यादृच्छिक नसूनही करण्यासारखा: २० अंश उत्तर, ७४ अंश पूर्व. शहराच्या मध्यापासून सरळ रेषेत २२ किलोमीटर पूर्वेला, निफाड तालुक्यात, चांदोरी-सायखेड्याच्या पट्ट्यात. पूर्ण अंशांच्या छेदबिंदूंचे फोटो गोळा करणारा प्रकल्प १९९६ पासून चालू आहे. प्रथा अशी की चारही दिशांचे चार फोटो आणि सगळी शून्यं दाखवणारा पडदा. दशांशाची चारही शून्यं एकाच वेळी जुळवायला मोठ्यांना दहा मिनिटं लागतात, मुलं त्याआधी जुळवतात. गोदाकाठची काळी माती आहे, पावसानंतर दोन दिवस तरी जाऊ नका, बूट तिथेच राहतात.

पाथर्डी फाट्यावरून

मुलांना कामं वाटून द्या, नाहीतर फोनवरून भांडणं. एक जण आकडे मोठ्याने वाचतो, एक पावलं मोजतो, एक वहीत लिहितो, दर बिंदूला अदलाबदल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ११ मीटरला साधारण वीस पावलं होतात, घरासमोर एकदा टेपने मोजून घ्या.

माणशी लिटरभर पाणी, पॉवर बँक, काठी, टोपी. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गुडघ्यापर्यंत मोजे घालू नका, कुसळं त्यातच घुसतात. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट बरी. नकाशा आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून ठेवा, डोंगराच्या मागे रेंज जाते. जीपीएसला रेंज लागत नाही, पण नकाशाचं चित्र यायला लागते, आणि लोकांना वाटतं जीपीएस बंद पडलं.

वहीत पेन्सिलने लिहा. पेनची शाई पहिल्याच सरीत पसरते.