खानापूर तालुका (बेळगाव), ४० गावं, बालपोषण: बेसलाइन कधी, किती मुलांची?

प्रश्न (जांबोटीवाट)
दोन वर्षांचा कार्यक्रम आहे: बचत गटांमार्फत परसबागा, पाककृती, घरभेटी. प्रस्तावात निर्देशक (म्हणजे काय मोजायचं ते) म्हणून फक्त 'सभा किती, रोपं किती' एवढंच. आता देणगीदार परिणाम मागतोय. बेसलाइन (सुरुवातीची मोजणी) जुलैत उरकायची आणि एंडलाइन (शेवटची मोजणी) जानेवारीत, असं ठरतंय. ३० गावं गुणिले ७ मुलं पुरतील का? अंगणवाडीतल्या नोंदी चालतील?

आकडेमोड
जुलै-जानेवारी मुळीच नको. जुलैत भातलावणी, आई दिवसभर चिखलात, त्यात जुलाबाचे दिवस. जानेवारीत भात घरात आलेलं असतं. कार्यक्रम नसता तरी मुलं सुधारलेली दिसतील. महिना कुठलाही धरा, दोन्ही वेळा तोच.

३० गुणिले ७ ही लसीकरण पाहणीची जुनी पद्धत. ती एका वेळचं चित्र सांगते, बदल पकडायला कमी पडते. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांत 'काल आठपैकी किमान पाच अन्नगट पोटात गेले' हा निर्देशक घ्या (आईचं दूध हाही एक गट). तो २० टक्क्यांवरून ३५ वर जाईल असं धरलं, तर प्रत्येक फेरीला साधारण १३५ मुलं लागतात. एकाच गावातली मुलं एकमेकांसारखीच जेवतात, म्हणून दुप्पट, २७०. बंद घरांसाठी थोडी वाढ धरून ३००. म्हणजे चाळीसही गावं घेऊन प्रत्येकी ७-८. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हा प्रश्न विचारू नका, सगळीच मुलं पाच गट खाल्लेली निघतील!

घर बंद दिसलं की शेजारचं मूल घ्यायची खोड मोडा. आणखी दोनदा जा. गोव्याला कामाला गेलेल्यांची मुलंच अशी गळतात.

मलप्रभाकाठ
दंडघेराची (दंडाचा घेर मोजायची) पट्टीही ठेवा. ११५ मिमीच्या खाली तीव्र कुपोषण, ११५ ते १२५ च्या आत मध्यम. डावा दंड, खांद्याचं हाड ते कोपर यांचा मध्य काढून, हात सैल सोडलेला. पट्टी आवळली की मांस दबतं आणि कुपोषित फुकट वाढतात. आधी प्रत्येक कार्यकर्तीकडून तीच १० मुलं दोनदा मोजून घ्या. रोज संध्याकाळी मिमी मापांचा शेवटचा अंक बघा: ० आणि ५ मिळून पाचव्या हिश्श्याच्या बरेच वर गेले, तर बाई अंदाजे लिहितेय.

अंगणवाडीच्या नोंदी गावातल्या मुलांची यादी करायला घ्या, परिणाम मोजायला नको. दर अंगणवाडीचा काटा वेगळा. जुन्या वहीत कन्नड आकडे असतील तर सहा आणि नऊ नीट बघा, वजन सरळ तीन किलोंनी हलतं.

प्रश्नावली मराठीत छापा, पण कन्नडमध्येही करून ठेवा आणि तिसऱ्या माणसाकडून उलट मराठीत आणून ताडून पाहा. 'पालेभाजी' म्हटलं की काही घरांत पातळ भाजीचं नुसतं पाणीही त्यात धरतात. नावानं विचारा: मेथी, शेपू, राजगिरा.

जांबोटीवाट
जुलै रद्द. फेब्रुवारी धरतो, दोन्ही फेऱ्यांना. चार वस्त्यांत या वयाची सातही मुलं नाहीत, तिथं काय?

आकडेमोड
असतील तेवढी सगळी घ्या आणि लगतची वस्ती जोडून एकच गट धरा. जोडणी मोजणीआधी कागदावर लिहा, नंतर नाही.